‘काहीच ठरलं नाही’ हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच: लिफ्ट. याच विषयावरची ही तिसरी सभा. तीन तास चालली, आवाज पार कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेले आणि हाती काय लागलं? चहा आणि बटाटेवडे. वडे बरे होते.

सभा संपवून जिना चढताना (लिफ्ट बंद आहे, त्यामुळे जिनाच) प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "छे! आजपण काहीच ठरलं नाही." या वाक्याने माझं डोकं जे फिरलं ते आज शनिवार उजाडला तरी ठिकाणावर आलेलं नाही. कारण हे वाक्य साफ खोटं आहे. त्या सभेत एक गोष्ट अगदी पक्की ठरली. लिफ्ट बंद ठेवायची, हे ठरलं. फक्त त्यासाठी कुणाला हात वर करावा लागला नाही, एवढंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची इमारत जुनी आहे. तळमजला धरून सहा मजले, प्रत्येक मजल्यावर आठ घरं, एकूण ४८. फ्लॅट बाबांच्या नावावर, मी सहयोगी सभासद. बाबा सध्या गावी असतात, त्यामुळे सभेला बसायचं पुण्यकर्म माझ्याकडे. लिफ्ट पाच महिन्यांपूर्वी बंद पडली. काही वर्षांपूर्वी रंगकामात बराच घोळ झाला होता. तेव्हापासून आम्हीच ठराव करून ठेवलाय, की तीन लाखांवरचा कुठलाही खर्च हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांशिवाय करायचा नाही. ठराव चांगला आहे. मला मान्य आहे. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मी विशेष बहुमताच्या विरोधात नाहीये.

रविवारी ४२ सभासद हजर होते. म्हणजे २८ मतं हवीत. प्रस्ताव तीन होते.

पहिला: नवी लिफ्ट, प्रत्येकी ३५ हजार, एकरकमी. मतं १९.
दुसरा: जुन्याच लिफ्टची मोठी दुरुस्ती, प्रत्येकी ९ हजार. मतं १४.
तिसरा: नवी लिफ्टच, पण ७ लाख २० हजार सोसायटीच्या मुदतठेवीतून काढायचे आणि उरलेले प्रत्येकी २० हजार, महिना हजार रुपये असे वीस महिने भरायचे. मतं ९.

एकोणीस, चौदा, नऊ. अठ्ठावीसच्या जवळपासही कुणी नाही. आणि मग सुरू झाला खरा तमाशा. पुढच्या वीस मिनिटांत या कोंडीवर चार तोडगे निघाले. चारही चुकीचे. आणि गंमत म्हणजे हे चारही तोडगे जगात आपल्या आधी कुणी ना कुणी वापरून तोंडावर आपटलेलं आहे.

तोडगा पहिला: "ज्याला जास्त मतं, तो पास."

हा सेक्रेटरी काकांचा. एकोणीस सगळ्यात जास्त, म्हणून पहिला प्रस्ताव पास. अहो काका, १९ जणांना हवाय म्हणजे २३ जणांनी दुसरं काहीतरी मागितलंय. साधं अर्धं बहुमतही नाही, आणि तुम्ही दोन तृतीयांशाचा ठराव गुंडाळून ठेवताय?

इथे मला १९७० सालचा राज्यसभेचा किस्सा आठवतो. माजी संस्थानिकांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक होतं. लोकसभेत पास झालं होतं. ५ सप्टेंबर १९७० ला राज्यसभेत मतदान झालं: बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. विधेयक पडलं! एका मताच्या एक तृतीयांशाने पडलं. दुप्पट लोक बाजूने होते असं जवळजवळ म्हणता येईल, पण "जवळजवळ" हा शब्द घटनेत नाही. तिथे कुणी फ्लोअर फंक्शन लावून १४९ वर आणून ठेवलं नाही.

खरी मजा पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेण्यात आली. पुढच्या दाराने जमलं नाही, मग मागच्या दाराने. डिसेंबर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मग १९७१ ची निवडणूक झाली, सरकार मोठ्या बहुमताने परत आलं आणि त्याच वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले. म्हणजे शेवटी जे व्हायचं ते झालंच, पण लोकांकडे परत जाऊन, मतं मिळवून झालं. मतं कमी पडली तर त्याचा अर्थ एकच: मतं कमी पडली. जा आणि अजून मिळवा.

तोडगा दुसरा: "मला कास्टिंग व्होट आहे!"

हा चेअरमन काकांचा. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे क्षणभर सगळ्यांना पटलासुद्धा.

निर्णायक मत हे बरोबरी फोडण्यासाठी असतं. याचं आमच्या क्षेत्रातलं उत्तम उदाहरण म्हणजे डेबियन. स्वयंसेवकांनी १९९३ पासून चालवलेली ही लिनक्सची प्रणाली तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या सर्व्हरवर असेल. २०१४ मध्ये त्यांच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीपुढे प्रश्न होता, की मशीन चालू झाल्यावर बाकी सगळं उठवणारा प्रोग्राम कुठला ठेवायचा, सिस्टमडी की अपस्टार्ट. मतं पडली चार-चार. अध्यक्ष बडेल गार्बी यांनी निर्णायक मत सिस्टमडीला दिलं. त्यानंतर भांडणं खूप झाली, पण नियमात ते चोख बसत होतं, कारण ती खरोखर बरोबरी होती.

आमच्याकडे बरोबरी कुठे होती? १९ विरुद्ध २८ ही बरोबरी नव्हे, हा तुटवडा आहे. तुटवडा एका मताने भरून निघत नाही, मग ते मत चेअरमनचं असो नाहीतर ब्रह्मदेवाचं.

तोडगा तिसरा: "दोन तृतीयांश जमत नाही ना? मग अर्ध्यावर आणा."

हा तोडगा सगळ्यात गोड वाटतो आणि म्हणूनच सगळ्यात धोकादायक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल होतेय म्हणून कोड दुरुस्त करायच्या ऐवजी टेस्टच बदलायची. शुक्रवारी संध्याकाळी हे पाप कुणी केलेलं नाही? सोमवारी काय होतं तेही आपल्याला माहिती आहे.

याचं उदाहरण थेट व्हॅटिकनचं. पोप निवडायला कार्डिनलांच्या दोन तृतीयांश मतांची अट ११७९ पासूनची. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात पळवाट ठेवली: साधारण तेहतीस-चौतीस फेऱ्या होऊनही निर्णय झाला नाही, तर कार्डिनलांना साध्या बहुमताने निवड करायची मुभा. हेतू चांगला होता, कोंडी फुटावी. पण जरा खेळ मांडून बघा. पहिल्याच दिवशी ज्या गटाकडे निम्म्याहून एक मत जास्त आहे, त्याने दुसऱ्यांशी बोलायचं तरी कशाला? गप्प बसा, दोनेक आठवडे काढा, फेऱ्या मोजा, अट आपोआप खाली येणार. म्हणजे शेवटच्या दिवसासाठी लिहिलेला नियम पहिल्या दिवसापासून लागू होतो! २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ही पळवाट बंद केली. आता फेऱ्या लांबल्या तर फक्त पहिले दोन उमेदवार रिंगणात राहतात, ते दोघे स्वतः मत देत नाहीत आणि दोन तृतीयांशाची अट तशीच राहते. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे निवडले गेले ते याच अटीवर. १३३ कार्डिनल, ८९ मतांची गरज आणि दुसऱ्याच दिवशी, चौथ्या फेरीत निकाल.

यातला धडा बघा. उमेदवार कमी केले, पण अट कमी केली नाही. पर्याय आटवायचे, उंबरठा घासायचा नाही.

"पण मग अट कधीच बदलायची नाही का?" बदला की. महाराष्ट्रातच इमारतींच्या पुनर्विकासासाठी २००९ च्या सरकारी सूचनांमध्ये तीन चतुर्थांश बहुमत होतं, ते जुलै २०१९ मध्ये ५१ टक्क्यांवर आलं. बरोबर की चूक यावर वाद घाला, पण तो बदल सगळ्यांसाठी आणि पुढच्या प्रकरणांसाठी होता. सामना सुरू असताना, १९ धावांवर अडकलोय म्हणून सीमारेषा आत ओढणं वेगळं.

तोडगा चौथा: "पुढच्या सभेत बघू."

हाच जिंकला. नेहमी हाच जिंकतो.

१९२४ मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं. उमेदवार ठरवायला दोन तृतीयांश प्रतिनिधी हवे होते. अल स्मिथ आणि विल्यम मॅकअडू दोघेही हटेनात, कुणालाच आकडा गाठता येईना. तेच मतदान परत, परत, परत... १०३ फेऱ्या! शेवटी दोघंही बाजूला झाले आणि जॉन डेव्हिस नावाच्या तिसऱ्याच गृहस्थाच्या गळ्यात माळ पडली. नोव्हेंबरात ते दणकून आपटले. पक्षाने दोन तृतीयांशाची अट काढून टाकली ती थेट १९३६ मध्ये.

त्याहून जुनं म्हणजे इटलीतलं वितेर्बो. १२६८ ते १२७१, जवळजवळ तीन वर्षं पोप ठरेना. गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडलं, जेवण तोडलं, छप्परसुद्धा उतरवलं असं सांगतात. शेवटी सहा जणांवर काम सोपवून निवड झाली. निवडून आलेल्या ग्रेगरी दहाव्यांनी १२७४ मध्ये नियमच केला, की तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ आणि आणखी पाच दिवसांनी फक्त भाकरी, पाणी आणि वाइन. हा नियम मला मनापासून आवडतो. कारण त्यात एक खोल गोष्ट दडलीये: निर्णय न घेण्याची किंमत निर्णय न घेणाऱ्यांनी मोजायची. आमच्या सभेत काय होतं? निर्णय झाला नाही तरी बटाटेवडे!

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या पाचव्या मजल्यावर एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. पाच महिन्यांत ते दोनदा खाली उतरलेत, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. त्यातला एक मी होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची जरा कलली तेव्हा त्यांनी माझं मनगट जे धरलं, ती पकड अजून जाणवते. ते काही बोलले नाहीत. वर पोचल्यावर एवढंच म्हणाले, "तुम्हा पोरांना उगाच त्रास."

तळमजल्यावरच्यांना लिफ्टची गरज नाही, पहिल्या मजल्यावरच्यांना फारशी नाही. त्यांना दुष्ट म्हणायचं नाहीये मला, त्यातले काही पेन्शनवर आहेत आणि ३५ हजार एकदम काढणं त्यांना खरंच जड आहे. विशेष बहुमत आहेच मुळी अशांच्या रक्षणासाठी, उद्या कुणी बहुमताच्या जोरावर त्यांच्याकडून वाटेल ती रक्कम उकळू नये म्हणून. पण विशेष बहुमत ज्याचं रक्षण करतं त्याचं नाव "जैसे थे". आणि जैसे थे सगळ्यांना सारखं पडत नाही. कुणाला ते शून्य रुपयांना पडतं, कुणाला पाच जिन्यांना.

म्हणून माझं म्हणणं असं: जैसे थे हासुद्धा एक प्रस्ताव आहे. मग त्याने बाकीच्या प्रस्तावांसारखं कागदावर यावं, नावासकट, किमतीसकट. "प्रस्ताव शून्य: लिफ्ट बंद ठेवणे." आणि ज्यांना तो हवाय त्यांनी हात वर करावेत. आजोबांच्या मुलासमोर.

हे मी हवेत बोलत नाहीये. डेबियनच्या घटनेत नेमकं हेच आहे. त्यांच्या प्रत्येक मतपत्रिकेवर एक डिफॉल्ट पर्याय असतोच. पूर्वी त्याचं नाव होतं "पुढे चर्चा", २०२२ पासून "वरीलपैकी एकही नाही". मतदार सगळे पर्याय पसंतीच्या क्रमाने लावतो. आणि मोजताना पहिली चाळणी ही, की प्रत्येक पर्यायाची तुलना आधी त्या डिफॉल्टशी करायची. घटना बदलायची असेल तर डिफॉल्टपेक्षा तुमचा पर्याय वर ठेवणारे लोक खाली ठेवणाऱ्यांच्या किमान तिप्पट हवेत. जो पर्याय ही चाळणी पार करत नाही तो बाद, आणि जे उरतात त्यांच्यातच मग पुढची लढत.

फरक कळतोय का? आम्ही लोकांना विचारलं, "तीनातला तुमचा लाडका कुठला?" विशेष बहुमताचा प्रश्न मुळात तो नाहीच. प्रश्न असा आहे: "आत्ता जे चाललंय त्यापेक्षा हा प्रस्ताव तुम्हाला चालेल का?" लाडका एकच असतो, चालणारे दोन-तीन असू शकतात. एक हात वर करायला लावून आम्ही ती सगळी माहिती फेकून दिली.

मला राहवेना. सोमवार ते गुरुवार, ऑफिसातून आल्यावर, एक्सेलची प्रिंट घेऊन मी घरोघरी फिरलो. सभेला हजर असलेल्या ४२ पैकी ३९ जण भेटले. प्रत्येकाला तीन प्रश्न: लिफ्ट बंद राहण्यापेक्षा पहिला प्रस्ताव चालेल का? दुसरा? तिसरा?

पहिला प्रस्ताव चालेल म्हणणारे २४. दुसरा २२. आणि तिसरा, ज्याला रविवारी जेमतेम नऊ मतं पडली होती, तो चालेल म्हणणारे ३०!

तीस. हवी होती अठ्ठावीस. म्हणजे आमच्याकडे तोडगा होताच. पाच महिने तो यादीत तळाला बसून होता, कारण तो फारसा कुणाचा लाडका नव्हता. वरच्या मजल्यांना वाटायचं, मुदतठेव कशाला मोडायची, भरा की एकदम. पेन्शनवाल्यांना वाटायचं, दुरुस्तीत भागतंय ना. पण लिफ्ट बंदच राहणार असेल तर महिना हजार रुपये दोघांनाही चालतात. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अर्थात यावर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप सेक्रेटरी काकांचाच: "अरे, दारात येऊन विचारलंस तर लोक हो म्हणतात, सभेत फिरतात." मान्य. म्हणूनच माझी प्रिंट हा निकाल नाही. मतदान सभेतच व्हायला हवं, नावानिशी इतिवृत्तात यायला हवं. दुसरा आक्षेप: "सगळ्यांना जेमतेम चालणारं मिळमिळीतच नेहमी जिंकणार." असेल. सोसायटीचा खर्च म्हणजे काही कलाकृती नव्हे. दुसऱ्याच्या खिशात हात घालताना त्याला जेमतेम का होईना चाललं पाहिजे, हाच तर विशेष बहुमताचा अर्थ. तिसरा आक्षेप खरा गंभीर: "आणि एवढं करूनही कुणालाच अठ्ठावीस मिळाली नाहीत तर?"

तर जैसे थे जिंकलं. प्रामाणिकपणे जिंकलं. मग इतिवृत्तात "चर्चा झाली, निर्णय झाला नाही" असं गुळमुळीत लिहायचं नाही. लिहायचं: "अमुक सभासदांनी लिफ्ट बंद ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. हा प्रश्न अमुक तारखेला पुन्हा मतदानाला येईल. तोपर्यंत पाचव्या मजल्यावरच्या आजारी माणसांना उतरवण्याची व्यवस्था सोसायटी करेल." ग्रेगरी दहाव्यांइतकी कडक शिक्षा नको, पण निदान खुर्चीचा एक पाय तरी प्रत्येकाने धरावा.

म्हणजे एकूण पद्धत अशी. अट मध्येच बदलायची नाही. जैसे थे ला नाव आणि किंमत देऊन मतपत्रिकेवर आणायचं. प्रत्येक प्रस्ताव त्याच्याविरुद्ध वेगवेगळा मताला टाकायचा, एका माणसाला हवे तितके हात वर करू द्यायचे. अट पार करणारे एकापेक्षा जास्त निघाले तर त्यांच्यात साध्या बहुमताने निवड. एकही नाही निघाला तर सर्वात पुढचे दोन ठेवून, त्यात दुरुस्त्या करून, ठरलेल्या तारखेला पुन्हा. बस्. वीस मिनिटांचं काम आहे, वड्यांसकट.

उद्या रविवार. चौथी सभा, सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये. माझा कागद विषयपत्रिकेवर घ्यायला चेअरमन काका "बघू" म्हणालेत. हे "बघू" पण एक मतच आहे, हे त्यांना मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे.

पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना सभेला यायचंय. त्यांनी निरोप पाठवलाय. त्यांना उतरवायला चार जण लागतात. आम्ही तिघे आहोत. चौथा तळमजल्यावरचा शोधतोय.